छोट्या डिझायनर ब्रँडकडून हाताने बनवलेलं लेदर घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेदरबद्दल मला सारखे मेसेज येत असतात, हे खरं आहे का, एवढे पैसे कशाचे घेतात, ऑर्डर करू का नको, आणि बहुतेक वेळा प्रश्न तेच असतात म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी स्वतः हाताने पाकिटं, पाऊच वगैरे शिवतो आणि मोठ्या वस्तू छोट्या मेकर लोकांकडून विकत घेतो, त्यामुळे बनवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची दोन्ही बाजू माहिती आहेत. ज्याला जो प्रश्न पडलाय तो थेट तिथे गेला तरी चालेल, पण शिलाईचं आणि पट्ट्याचं उत्तर प्लीज सगळ्यांनी वाचा.

खरं लेदर आहे हे कसं ओळखायचं? काडी पेटवून बघायची का?

नका पेटवू. वस्तू खराब होते आणि कळत काहीच नाही, कारण आजकाल खऱ्या चामड्यावर पण प्लास्टिकचा कोट असतो. त्यापेक्षा कापलेली कड शोधा, म्हणजे पट्ट्याचं टोक, आतल्या खिशाची बाजू, बेल्टचं भोक. खऱ्या चामड्यात तिथे बारीक तंतू दिसतात, एकमेकांत गुंतलेले. रेक्झिनमध्ये खाली कापडाची जाळी आणि वर पातळ पापुद्रा असे दोन वेगळे थर दिसतात. मग अंगठ्याने दाबून बघा, चामडं दाबलं की आजूबाजूला बारीक सुरकुत्या पसरतात आणि सोडलं की जातात. वरची नक्षी सगळीकडे अगदी एकसारखी, ठराविक अंतराने तीच तीच येत असेल तर ती प्रेसमध्ये छापलेली आहे. पण छापलेली नक्षी खऱ्या चामड्यावर पण असते, म्हणून एका खुणेवर भरवसा ठेवू नका, दोन-तीन गोष्टी जुळल्या की मग ठरवा.

फुल ग्रेन, टॉप ग्रेन, जेन्युइन, यातलं चांगलं कुठलं?

कातड्याचा सगळ्यात वरचा थर सगळ्यात घट्ट असतो, तिथे तंतू दाट विणलेले असतात आणि खाली जाल तसे ते मोकळे होत जातात. वरचा थर न घासता तसाच ठेवला तर फुल ग्रेन. वरून थोडं घासून डाग काढले आणि रंगाचा कोट दिला की त्याला बाजारात टॉप ग्रेन किंवा करेक्टेड ग्रेन म्हणतात. खालचा थर वेगळा काढला की तो स्प्लिट, स्वेड, म्हणजे मखमलीसारखं लवदार चामडं, बरेचदा त्याचंच बनतं. आणि बाँडेड म्हणजे लेदरचा चुरा गोंदाने चिकटवून केलेली शीट, ती काही वर्षांत पापुद्रे सोडायला लागते, बॅगेसाठी तर अजिबात घेऊ नका.

जेन्युइन लेदर असा शिक्का असेल तर त्यातून फक्त चामडं आहे एवढंच कळतं, कुठल्या थराचं ते कळत नाही. जो मेकर मनापासून काम करतो तो शिक्क्यावर थांबत नाही, तो सांगतो की हे अमुक जनावराचं आहे, इतके मिलिमीटर जाड आहे, या पद्धतीने कमावलेलं आहे. विचारल्यावर हे तीन सांगता आले नाहीत तर मी तिथून घेत नाही.

तरी एक लक्षात ठेवा, फुल ग्रेन हवंच असा हट्ट प्रत्येक वस्तूला धरायची गरज नाही. पावसापाण्यात रोज वापरायच्या ऑफिस बॅगेला चांगला कोट दिलेलं टॉप ग्रेन जास्त सोयीचं पडतं, डाग पडत नाहीत, पुसलं की झालं.

व्हेज टॅन घेऊ की क्रोम टॅन?

कातडं कुजू नये म्हणून ते कमवावं लागतं. व्हेज टॅनमध्ये झाडाची साल, लाकूड, फळं यातलं टॅनिन वापरतात, बाभळीची साल, हिरडा, चेस्टनट, क्वेब्राचो वगैरे, आणि याला आठवडे ते महिने लागतात. क्रोम टॅनमध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात आणि तेच काम साधारण एका दिवसात होतं. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली, १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झने त्याचं पेटंट घेतलं, आणि आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचंच असतं.

वापरात फरक असा पडतो. व्हेज टॅन सुरुवातीला कडक असतं, आकार धरून ठेवतं, आणि ऊन, हात, घाम लागून त्याचा रंग हळूहळू गडद होत जातो. ज्यांना ही वापरून आलेली चमक आवडते त्यांच्यासाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पाण्याचा थेंब पडला तरी डाग दिसतो आणि नख लागलं तरी ओरखडा उठतो. क्रोम मऊ असतं, रंग चटक येतात, पाणी आणि उष्णता जास्त सोसतं, पण ते म्हातारं होताना तितकं सुंदर दिसत नाही. बेल्ट, पाकीट, चाव्यांचं कव्हर, वहीचं कव्हर व्हेज टॅनमध्ये घ्या, मऊ लोंबती खांद्याची बॅग, जॅकेट, हातमोजे क्रोममध्ये. नावं उठवून हवी असतील तर व्हेज टॅनच घ्या, ओलं करून ठसा मारला की तो त्यात कायमचा बसतो, क्रोममध्ये नीट टिकत नाही.

क्रोमचं लेदर अंगाला वाईट असतं म्हणतात, खरंय का?

कमावताना जे क्रोमियम वापरतात ते ट्रायव्हॅलंट, म्हणजे तीन संयुजेचं. त्रास देतं ते हेक्साव्हॅलंट, सहा संयुजेचं, ते प्रक्रिया नीट झाली नाही किंवा चामडं चुकीच्या पद्धतीने साठवलं तर तयार होऊ शकतं आणि काही लोकांना त्याने त्वचेची ॲलर्जी होते. युरोपियन युनियनने २०१५ पासून त्वचेला लागणाऱ्या लेदर वस्तूंमध्ये याची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम अशी ठेवलीय. ज्यांना आधीपासून ॲलर्जी आहे त्यांनी घड्याळाचा पट्टा किंवा बूट घेताना मेकरला टेस्ट रिपोर्टचं विचारावं, चांगल्या टॅनरीकडे, म्हणजे चामडं कमावणाऱ्या कारखान्याकडे, तो असतो. सांडपाण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो दोन्ही पद्धतींना लागू आहे. लेदर वर्किंग ग्रुप म्हणून एक संस्था आहे, २००५ पासूनची, ती टॅनऱ्यांचं पर्यावरणाच्या बाजूने ऑडिट करते. पण तो शिक्का टॅनरीला मिळतो, बॅगेला नाही, म्हणून ब्रँडला विचारायचं ते चामडं कुठल्या टॅनरीचं आहे.

हाताची शिलाई आणि मशीनची शिलाई, खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो समजून घेतला की वस्तू बघायची नजरच बदलते. मशीनमध्ये दोन धागे असतात, एक वरून एक खालून, आणि ते चामड्याच्या मधोमध एकमेकांत अडकतात. एक धागा घासून तुटला की शेजारचे टाके सैल पडतात आणि ओढ बसली की शिलाई उसवत जाते. हाताच्या सॅडल स्टिचमध्ये एकच लांब धागा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. त्यामुळे एक टाका तुटला तरी त्या भोकातून दुसरा धागा जातोच, बाकीची शिलाई जागेवर राहते आणि तुम्हाला दुरुस्तीला वेळ मिळतो.

ओळखायचं कसं, तर टाके थोडे तिरके दिसतात, आणि चांगल्या कारागिराचे मागच्या बाजूला पण तितकेच नीट असतात. म्हणून वस्तू नेहमी उलटी करून मागची बाजू बघा. टाक्यांमधलं अंतर ३ ते ४ मिलिमीटर असेल तर उत्तम, पाकिटाला थोडं बारीक, बेल्टला थोडं मोठं. धागा मेण लावलेला लिनन किंवा पॉलिस्टर असावा, बोटाने घासला की किंचित चिकट लागतो.

मात्र मशीनची शिलाई दिसली म्हणजे फसवलं असं नाही हं. बरेच चांगले मेकर लांब सरळ शिलाई मशीनवर मारतात आणि जिथे ताण येतो तिथे हाताने शिवतात, मला तर हे पूर्ण पटतं. फक्त त्यांनी ते तसं सांगायला पाहिजे.

बॅग साधारण कुठून तुटते? घेताना कुठे बघू?

पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे. नव्वद टक्के लक्ष तिथे द्या. बॅग हातात घ्या, पट्टा रिंगमधून जिथे वळतो तिथपर्यंत बोट न्या. वळलेल्या भागाची आतली बाजू चाचपा, तिथे चामडं पातळ तासलेलं असतं कारण नाहीतर ते वळत नाही, पण कागदासारखं पातळ लागत असेल तर वर्षभरात तिथेच चीर पडणार. मग पट्टा बॅगेच्या अंगावर कसा बसवलाय ते बघा. नुसत्या दोन रिवेटवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या धातूच्या खिळ्यांवर, लटकवलेला असेल तर सगळा भार त्या दोन भोकांवर येतो आणि भोकं लांबट होत जातात. चौकोनी शिलाई आणि जोडीला रिवेट असेल तर भार पसरतो. आता बॅग उघडा आणि आतून तीच जागा बघा, तिथे चामड्याचा एक जादा तुकडा लावलेला असला पाहिजे. अस्तराच्या आत असेल तर दिसणार नाही, पण चिमटीत धरलं की जाडी जाणवते. तो तुकडा लावायला मेकरला फारसं काही लागत नाही, पण तो लावला म्हणजे त्याने भरलेल्या बॅगेचा विचार केलाय.

पट्टा स्वतः पाठीच्या भागातल्या कातड्याचा असावा. पोटाकडचं कातडं ताणतं, त्याचा पट्टा केला तर महिनाभरात लांब होतो आणि लाटेसारखा दिसायला लागतो. मेकरला हे सरळ विचारता येतं, आणि हा प्रश्न विचारला की बोलायची पद्धत पण बदलते, त्यांना कळतं की समोरच्याला खरंच इंटरेस्ट आहे.

कडा काळ्या रंगाने रंगवलेल्या असतात त्या चांगल्या का?

तीन प्रकार असतात. एक, पाणी किंवा मेण लावून घासून घासून गुळगुळीत केलेली, ही व्हेज टॅनवर होते आणि नंतर घरी पण परत घासता येते. दोन, रंगाचे थर देऊन प्रत्येक थराला घासलेली. तीन, चामडं दुमडून शिवलेली. तिन्ही चांगल्या होऊ शकतात. वाईट कोणती, तर एकाच थरात जाड रंग फासलेली, कड थोडी वाकवून बघितली की तडे दिसतात.

बक्कल आणि रिंगा पितळेच्या आहेत हे कसं कळणार? चुंबक लावून?

चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे एवढं नक्की. नाही चिकटलं म्हणून पितळ असं नाही, कारण झिंक अलॉयला पण चुंबक चिकटत नाही आणि बाजारातल्या बहुतेक मुलामा दिलेल्या बकला त्याच्याच असतात. वजनावर थोडं कळतं, पितळ जास्त जड. वापरून झिजल्यावर तर लगेच कळतं, पितळ आतपर्यंत पिवळं, झिंक खाली राखाडी. चेनचं म्हणाल तर बरेचदा आधी रनर जातो, दात नाही, आणि रनर एकटा बदलता येतो, पूर्ण चेन काढायची गरज नसते. चेन मोठ्या नावाच्या कंपनीची, वायकेके वगैरे, असेल तर तसाच रनर परत मिळायला सोपं जातं.

एवढं महाग का असतं? चामड्याचा तर एक तुकडाच लागतो.

तुकडा लागतो पण तुकडा विकत मिळत नाही. गाईगुरांच्या मोठ्या कातड्याची एक बाजू साधारण २० ते २५ चौरस फूट भरते, आणि ती पूर्ण घ्यावी लागते. त्यात मान सुरकुतलेली, पोट ढिलं, कुठे जखमेचा वण, कुठे गोचिडाच्या खुणा, मग बॅगेची समोरची बाजू काढायला नीट जागा दोन किंवा तीनच निघतात. उरलेल्यातून छोट्या वस्तू होतात, काही वाया जातं. मोठी फॅक्टरी हाच खर्च हजारो पीसवर पसरवते, छोट्या ब्रँडला ते शक्य नाही. वर हाताची शिलाई, आधी भोकं पाडायची, मग शिवायचं, एका बॅगेत पूर्ण दिवस सहज जातो, कडा वेगळ्या. म्हणून माझं मत असं की किंमत बघताना किती वर्षं वापरणार आणि रिपेअर होणार का हे आधी बघा. आणि घासाघीस करण्याऐवजी साधं डिझाइन मागा, अस्तर नको, खिसे कमी, लगेच फरक पडतो आणि मेकरचा पण जीव दुखावत नाही.

माझ्या बॅगेवर रेघा आणि एक बारीक वण आहे, परत पाठवू का?

मानेच्या सुरकुत्या, शिरांच्या रेघा, भरलेले वण, छटेतला थोडा फरक, हे सगळं जनावराच्या अंगावरचं आहे, त्याने मजबुती कमी होत नाही. परत पाठवायचं ते यासाठी: वण उघडा आहे आणि नखाने उचकटतो, चामडं दाबलं की वरचा थर सुटून फुगल्यासारखा दिसतो, वळणावर तडे आहेत, दोन पट्ट्यांची जाडी वेगळी आहे. आणि फोटोतला रंग आणि हातातला रंग यात थोडा फरक येणारच, प्रत्येक कातडं रंग वेगळा पितं, त्यात मोबाइलची स्क्रीन.

ऑनलाइन मागवताना काय विचारू?

मी विचारतो ते सांगतो. मागच्या बाजूचा आणि आतला फोटो, दिवसाच्या उजेडात काढलेला. जाडी किती, पाकिटाला १ ते १.५ मिलिमीटर आणि बॅगेला २ च्या आसपास ठीक. वस्तू माणसाच्या हातात किंवा खांद्यावर धरलेला फोटो, नाहीतर साइजचा अंदाज चुकतो. एखाद्या जुन्या गिऱ्हाईकाची वापरलेली वस्तू आता कशी दिसते त्याचा फोटो आहे का, हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, कारण जुन्या वस्तूचा फोटो दाखवणाऱ्या माणसाला आपल्या कामाची खात्री असते. आणि शेवटी रिपेअर करता का, किती दिवसांत, कुरिअरचा खर्च कोणाचा.

कस्टम ऑर्डर द्यायची आहे, ॲडव्हान्स मागतायत, द्यावा का?

द्यावा, चामडं तुमच्यासाठी कापलं की ते परत जोडता येत नाही. पण आधी माप, रंग, धाग्याचा रंग, अस्तर, तारीख हे सगळं मेसेजमध्ये लिहून घ्या आणि एक साधं स्केच मागा. नाव किंवा अक्षरं टाकणार असाल तर वस्तू परत घेतली जात नाही हे धरून चाला, स्पेलिंग आणि जागा दोनदा तपासा. लॅपटॉपची बॅग असेल तर इंच सांगू नका, लॅपटॉपची लांबी, रुंदी, जाडी मोजून पाठवा, कारण स्क्रीनचे इंच तिरके मोजलेले असतात. आणि तारखेच्या आधी रोज मेसेज करू नका, खरंच, एकट्याने सगळं करणारा माणूस असतो.

बेल्टची साइज कशी द्यायची?

सध्या वापरता तो बेल्ट टेबलावर सपाट ठेवा, बक्कलची पट्टी जिथे बेल्टला टेकते तिथपासून तुम्ही वापरता त्या भोकापर्यंत मोजा आणि तेच माप द्या, नवीन बेल्टचं मधलं भोक तिथे येईल. पँटची साइज देऊ नका, ती बेल्टपेक्षा साधारण दोन इंच कमी निघते.

पावसात भिजली, आता?

आधी घाबरणं बंद. कोरड्या सुती फडक्याने टिपा, घासू नका. सगळं सामान काढा, आत कोरा कागद भरा, छापलेला पेपर नको, शाई लागते. सावलीत, हवेशीर जागी दोन दिवस राहू द्या. हेअर ड्रायर, ऊन, हीटर, गाडीचा डॅशबोर्ड, यातलं काहीही नाही, ओलं चामडं तापलं की आक्रसतं आणि मग ते कशानेच पूर्ववत होत नाही. वाळल्यावर किंचित कडक लागेल तेव्हा थोडं कंडिशनर.

तेल किती वेळा लावायचं? घरातलं खोबरेल चालेल का?

खोबरेल नको, ऑलिव्ह ऑइल पण नको, डाग पडतात, धूळ चिकटते आणि काही दिवसांनी वास मारायला लागतो. लेदर कंडिशनर किंवा मधमाशीच्या मेणाचा बाम घ्या, आधी तळाशी छोट्या जागी लावून रंग किती गडद होतो ते बघा. वर्षातून दोन-तीनदा पुरे. माझ्याकडे रिपेअरला येणाऱ्या वस्तूंमध्ये जास्त तेल पाजून ढिल्या पडलेल्या पण बऱ्याच असतात, लोक प्रेमानेच करतात पण चामड्याचे तंतू सैल होतात. स्वेडला यातलं काहीच लावायचं नाही, फक्त ब्रश. वेट वाइप्स आणि सॅनिटायझर कशालाच नाही.

कपाटात ठेवलेल्या बॅगेवर पांढरी बुरशी आली.

घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका, आत झटकली तर शेजारच्या वस्तूंवर जाते. मग किंचित ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला आवडतं, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत कधीच ठेवू नका, सुती पिशवी, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून वापरा. वापरातल्या बॅगेला सहसा बुरशी येत नाही.

रंग कपड्याला लागतो का?

गडद रंगाचं नवीन लेदर सुरुवातीला थोडा रंग सोडू शकतं. ओलसर पांढऱ्या फडक्याने आतल्या बाजूला घासून बघा. उलटं पण होतं, नवीन जीन्सचा निळा फिक्या बॅगेवर चढतो आणि तो निघत नाही, त्यामुळे फिकी बॅग घेतली तर पहिले काही महिने जीन्सबरोबर नको.

व्हेगन लेदर जास्त चांगलं नाही का?

जनावराचं चामडं वापरायचंच नाही असं ठरवलं असेल तर त्याचा मला आदर आहे. फक्त बहुतेक व्हेगन लेदर म्हणजे पीयू किंवा पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकच, आणि अननसाच्या पानांच्या तंतूंपासून केलेल्या मालावर पण बरेचदा प्लास्टिकचा थर असतो. तो थर सुटायला लागला की रिपेअर नाही. त्यात घ्यायचंच तर मेण लावलेला जाड कॅनव्हास बघा, टिकतो आणि शिवता येतो.

छोटा ब्रँड उद्या बंद पडला तर रिपेअर कोण करणार?

हा प्रश्न घेण्याआधी विचारलात तर खरेदीच वेगळी होते. साध्या पद्धतीने शिवलेली, रिंगा आणि रिवेट बाजारात मिळणाऱ्या मापाच्या असलेली, अस्तर उघडता येणारी वस्तू कोणताही आरी आणि मेणाचा धागा हाताळणारा कारागीर दुरुस्त करू शकतो, बूट आणि बॅगा शिवणारे पण. नुसती गोंदावर चिकटवलेली किंवा ब्रँडने स्वतःच्या खास आकाराची क्लिप लावलेली असेल तर मात्र तुम्ही त्यांच्यावरच अवलंबून राहता. म्हणून घेतानाच मेकरला धाग्याचा प्रकार आणि रंगाचा नंबर, रिंगेचं माप आणि चामड्याची जाडी विचारा, आणि त्याच चामड्याची हातभर वादी आणि एक जादा बक्कल मिळेल का बघा. मी मागितलं तेव्हा बहुतेकांनी आनंदाने दिलंय. ते सगळं बॅगेच्या आतल्या खिशात ठेवून द्या.